पलीकडचं पिल्लू

चांदणं मावळलं की शाणू घाडी सड्यावर चढायचा,
चपला हातात घेऊन.
मी मागे. बॅटरी माझ्याकडे,
पण ती लावायची नाही, ही पहिली अट.
दुसरी: खोकला आला तर गिळायचा.

पारधीला अजून बारा दिवस होते.
शिमग्याआधी रानाची खबर काढायचं काम
गावानं त्याच्याकडे दिलेलं, त्याआधी त्याच्या बापाकडे.
जांभ्यावर खूर उमटत नाही,
म्हणून तो दगड सोडून दगडातली माती वाचायचा:
वितभर खळगा, त्यात चिंचोका फोडून टेकवावा तसा खूर.
लेंडी चिमटीत फोडून नाकाशी न्यायचा,
"आवळे खाल्ल्यान. कालची न्हय, आजची."
कुंभ्याच्या सालीवर शिंग घासलेलं असलं
तर अंगठ्यानं बघायचा, चीक ओला आहे का.

खाली खाडीच्या तोंडाशी मचव्यांचे दिवे.
दर्या इथवर ऐकू यायचा.
तो म्हणायचा, तेवढो आवाज कानातसून काढून ठेव,
देवळात टोपी काढतत तसो.

मग पान. कुड्याचं नाही, ते कडू.
करंजाचं, कोवळं,
मधली शीर दातानं सोलून, दुमडून ओठांत.
निघायचं ते भेकराचं पिल्लू,
वाट चुकलेलं, भुकेलं.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू फुटलं.
"रड," तो म्हणाला, "पण नाकान नको. तेंका आयकाक येता."

तिसऱ्या रात्री व्हाळाच्या पलीकडून उत्तर आलं.
मादीचं भुंकणं नव्हे. दुसरं पिल्लू.
शाणूनं माझा दंड धरला तो सकाळपर्यंत दुखत होता.
चौथ्या रात्री पुन्हा.
पाचव्या रात्री
पलीकडचं पिल्लू खोकलं.

तंबाखूचा, छातीच्या तळातून येणारा खोकला.

भागोजी परब. पलीकडच्या वाडीचा माग काढणारा.
एका फणसावरून बावीस वर्षं बोलणं बंद:
मूळ त्याच्या कुंपणात, फांद्या ह्याच्या.
लग्नात पंगती वेगळ्या,
मयताला एक पुढे चालणार, एक सगळ्यांत मागे.
मी हसणार तेवढ्यात शाणूनं माझं तोंड दाबलं
आणि दुसऱ्या हातानं
पान पुन्हा ओठांत ठेवलं.

सहावी रात्र, सातवी, आठवी.
लेंड्या बघणं राहिलं, साली चाचपणं राहिलं.
दोन पिल्लं, दोघांच्याही मिशा पिकत आलेल्या,
अंधारात एकमेकांना विचारत बसली,
मी हय आसंय. तू खंय?

पारधीला डबे वाजले, कुत्री सुटली.
परवान्याच्या दोन बंदुका,
एक ठासणीची, तिचा परवाना कोणी विचारत नसे.
शाणू एका टोकाला, भागोजी दुसऱ्या.
भेकर निघालं ते दोघांच्या मधून, चांगलं सावकाश,
आणि इशारत कुणीच केली नाही.
गावाला तीन ससे. वाटे घालताना शिव्या,
देवाच्या मानाला बोराएवढं काळीज.

पारध बंद झाली त्याला किती वर्षं झाली.
भागोजी गेला, मागून फणसही, वादळात.
शाणू दिवसा काठीशिवाय मोरीपर्यंत जात नाही.

आता कोल्हापूरकडची एक वनरक्षक मुलगी
सड्यावरच्या झाडांना कॅमेरे बांधते,
महिन्यानं चिप काढून शाळेत सगळ्यांना दाखवते.
साळिंदर. उदमांजर. बिबट्याची अर्धी शेपटी.
आमच्या म्हशी, पुष्कळ म्हशी.
या खेपेला तिनं मला बाजूला घेतलं.
"काका, हे कोण?"

पहाटेचे तीन अडतीस.
उघड्या अंगाचा माणूस, डोळ्यांच्या जागी पांढरे ठिपके,
एका हातात चपला.
ओठांत काहीतरी दुमडलेलं.

पुढचा फोटो नऊ मिनिटांनंतरचा.
त्याच जागी भेकराची मादी, मान वळवून
व्हाळाच्या पलीकडे कान लावलेली.

मी बराच वेळ बघत राहिलो.
मग म्हटलं, नाही ओळखू येत.
उजेड कमी आहे.